सोफ्याच्या मागची वाट

शेवटच्या संध्याकाळीसुद्धा आम्ही सोफ्यावरूनच भांडलो. टीव्हीवर तमिळ मालिका चालू होती, आवाज बंद, आणि आमची ही खाली वाकून फरशीवर रांगोळीचे चार ठिपके घालत होती. म्हणाली, "अहो, सोफ्याचे पाय इथे आणा." मी म्हटलं, गुडघे दुखतायत, उद्या सकाळी बघू.

मालिका बघणाऱ्या बायका घरोघर असतात, पण मालिकेतलं नुसतं घर बघणारी सगळ्या मुलखात एकच असावी, आणि ती माझ्या वाट्याला आली. रेल्वेच्या नोकरीपायी चेन्नईत पेरांबूरला येऊन आम्हाला चाळीस वर्षं होत आली, तरी हिचं तमिळ भाजीवालीपुरतंच. त्याने तिचं काही अडलं नाही. माणसं बोलायला लागली की घर दिसत नाही म्हणून आवाज ती आपणच बंद करायची. तिकडे लग्न मोडलंय, नवरी ऊर बडवतेय, आणि ही टीव्हीला नाक लावून खांब तपासतेय. हाच खांब मागच्या सोमवारी दुसऱ्या मालिकेत त्या दुष्ट सासूकडे होता, तेव्हा पिवळा होता, म्हणे. जिना अकरा पायऱ्या चढून छताला टेकतो, वर खोलीच नाही, हेही हिने मोजून काढलेलं. मी जन्मभर रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम केलेला माणूस. चिडून सांगायचो, अगं प्लायवूड आहे ते, मागे जाऊन बघ, नुसते खिळे दिसतील.

"माहितेय मला. म्हणून तर कौतुक. खिळे मारणाऱ्याचं नाव कोण घेतं?"

दुसऱ्याच्या घरीही तेच. मैलापूरला माझे जुने साहेब राहतात, तंजावरकडचे मराठी, त्यामुळे बोलायची सोय. हिने त्यांनाच खुर्चीवरून उठवलं. "तिथे नका बसू, तुमच्या मागे फ्रिज दिसतो." साहेब बिचारे झोपाळ्यावर जाऊन बसले. मला तोंड लपवायला जागा नाही. पुढच्या खेपेला तर आम्ही दारात दिसताच ते आपणहून झोपाळा गाठून बसले.

सोफ्याचं खूळ सगळ्यांत जुनं. मालिकेत सोफा कधी भिंतीला नसतो. त्याच्या मागून माणसं येतात, बातमी आणतात, कॉफी आणतात. मग आपलाच का भिंतीला चिकटवलाय? मी म्हणायचो, दहा बाय बाराची खोली आपली, मागून कोण राजा येणार आहे? "येईल कोणीतरी. तुम्ही वाट तर ठेवा." अकरा वर्षं तिचं हे, आणि अकरा वर्षं माझं उद्या.

त्या रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी डॉक्टर येऊन गेले. ती आतल्या खोलीत होती. खालच्या मजल्यावरची मामी म्हणाली, माणसं येतील, बाहेरची खोली मोकळी करा. मी सोफा ओढला. एकट्याने. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. चार पाय चार ठिपक्यांवर बसवले. मागचा डावा बोटभर हुकला होता, तो पुन्हा उचलून नीट ठेवला. खोली मोकळी व्हायची ती अडली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं मामीला वाटलं असणार. ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी कॉफीचा टंबलर घेऊन आली.

सोफ्याच्या मागून आली. वाट पुरली.