डॉक्टरांचा दगड

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सव्वीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवल्या. मेणावर उमटलेला चावा पाहून त्या सांगायच्या, हा माणूस डावीकडूनच चावतो, ही बाई झोपेत दात खाते. विसरणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. माझ्या लग्नात त्यांना कुणी पाणी विचारलं नव्हतं, ते मला अजून ऐकावं लागतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी कवळ्यांचं मशीन आणलं आणि जाऊबाईंना घरी बसवलं. निरोप म्हणून दवाखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला एक भोकाभोकांचा दगड दिला. "तुमच्या घरच्या टाकीत शोभेल," म्हणाले.

"लोकांना घड्याळ मिळतं, मला धोंडा," जाऊबाई म्हणाल्या. तरी टाकीत ठेवला.

टाकीत त्यांच्या पाच कोळंब्या होत्या, लाल अंगावर पांढरा पट्टा असलेल्या. पाण्यात हात घातला की त्या बोटांवर चढून नखं कोरायच्या. कामाची सवय लागलेले ते हात आता रिकामे होते, म्हणून जाऊबाई तासन्‌तास टाकीत हात घालून बसायच्या.

दगड आला आणि महिन्याभरात पाचाच्या तीन झाल्या, मग दोन.

भाऊजी म्हणाले, "अगं, तो निळा मासा खात असणार. देऊन टाक कुणाला तरी."

"वडाची साल पिंपळाला लावू नका."

"मग काय, माहेरी गेल्या?"

चौथी गेली त्या सकाळी वाळूत कवचाचा तुकडा सापडला. तो जाऊबाईंनी काळ्या कापडावर ठेवला आणि भिंगातून कितीतरी वेळ पाहिला. मला म्हणाल्या, "ही कात नाही, कात अख्खी निघते. आणि हा चावाही नाही. चाव्याला दातांची कड असते. हे बाहेरून ठोसा मारून फोडलंय." मग टाकीकडे पाहून हळूच म्हणाल्या, "दगडात कुणीतरी आहे."

शेवटची कोळंबी त्यांनी वेगळ्या भांड्यात काढली. दगड उचलून बादलीवर धरला आणि सिरिंजने एकेका भोकात गोडं पाणी सोडलं, खाऱ्या पाण्यातल्या जिवाला ते सोसत नाही म्हणून. सातव्या भोकातून तो बाहेर पडला. बोटभर लांब, हिरवागार, कोळंबीच्याच दूरच्या भाऊबंदांतला, पुढचे पाय मुठीसारखे दुमडलेले. बरणीत घातल्यावर त्याने काचेला असा टोला दिला की भाऊजी दोन पावलं मागे सरले.

"मारून टाक एकदाचा."

"मारू कशाला? मालकाची ठेव मालकाला देऊन येते. चल गं तू," त्या मला म्हणाल्या.

वाटेत मी म्हणाले, "ताई, देव बघतो सगळं."

"बघू दे. सव्वीस वर्षं बघत नव्हता का?"

दवाखान्यात बाकांवर पाच-सहा पेशंट बसले होते. कोपऱ्यात डॉक्टरांची मोठी टाकी, तिच्यातही तसल्याच कोळंब्या. जाऊबाई बरणीच्या झाकणावर हात ठेवून टाकीपाशी उभ्या राहिल्या. पण त्या परत फिरल्या. "या कोळंब्यांनी माझं काय वाकडं केलंय?" म्हणाल्या, आणि बरणी काउंटरवर ठेवून झाकण काढलं.

डॉक्टर बाहेर आले. "अरे वा, बाई! घरी करमत नाही वाटतं?" पेशंट हसले. मग त्यांनी बरणीत डोकावलं. "काय सुंदर रंग आहे! मला आणलंत?"

"तुमचंच आहे. तुमच्या दगडातून आलं."

"बघा, म्हटलं नव्हतं, शोभेल म्हणून?" आणि पेशंटांना दाखवायला म्हणून त्यांनी बरणीत अंगठा आणि एक बोट घातलं.

जाऊबाई त्या बोटांकडे पाहत होत्या. मेण बघताना पाहायच्या तशा, स्थिर. बोलायला वेळ भरपूर होता.

टक्क असा आवाज झाला. डॉक्टर किंचाळले. अंगठ्याचं नख मधोमध फुटलं होतं आणि बरणीतलं पाणी गुलाबी होत होतं.

"अगंबाई," जाऊबाई म्हणाल्या, "सांगणारच होते, हात घालू नका म्हणून." त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. "आता महिनाभर दात कसे काढणार हो? मशीन काढतं का?"

घरी येऊन त्यांनी उरलेली कोळंबी टाकीत सोडली आणि हात पाण्यात घातला. ती चढली.

संध्याकाळी मी देवापुढे हात जोडले. जाऊबाईंसाठी क्षमा मागणार होते. पण बोलायला वेळ मलाही होता, आणि मीही गप्प बसले होते.