स्प्रिंग नसलेली जॉयस्टिक

दादाच्या जॉयस्टिकची स्प्रिंग मी पहिल्यांदा कापली तेव्हा मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. सुप्याच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग करते. पक्कड, कटर, सोल्डरिंग हे माझं रोजचंच. दादाच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले असतील, मी का टेकू? अशी माझी तेव्हाची मस्ती.

आजार नसांचा. आधी हातांची ताकद जाणार, मग पायांची, मग पुढचं आमच्या घरात कोणी बोलत नाही. नगरच्या डॉक्टरांनी हे सगळं दादासमोरच सांगितलं आणि त्याने मान हलवली, जणू कोणी त्याला रस्ता समजावत होतं. दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवणारा माणूस. चहाचा कप त्याच्या हातात पहिल्यांदा थरथरला तेव्हा आम्ही त्याला चिडवलं होतं.

डॉक्टरांकडून देवळालीला घरी परतताना त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "गेम खेळता यील तेवडं बघ. गोल डाव मारता आला पायजे."

हा गोल डाव म्हणजे काय, ते सांगायला हवं. आम्ही लहान असताना राहुरीत व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं आणि दादा मला तिथे घरी न सांगता न्यायचा. दुकानात मुलगी मी एकटीच. मला कोणी काही बोललं की दादा त्याला मशीनवर बोलवायचा आणि उचलून आपटायचा. म्हणजे त्याचा पैलवान आपटायचा. मारामारीच्या त्या गेममध्ये बाकीची पोरं आग फेकणारे, उड्या मारणारे गडी घ्यायची. दादा कायम तो जाडजूड, सावकाश चालणारा पैलवान घ्यायचा. जॉयस्टिक एक पूर्ण गोल फिरवून बटण दाबलं की पैलवान समोरच्याला कवेत घेतो, वर उडतो आणि डोक्यावर आपटतो. गोल अर्धवट राहिला की डाव फसला. पुढे घरात टीव्हीला गेमची मशीन जोडली तरी दादाने पैलवान काही सोडला नाही.

मशीनसोबतचं साधं रिमोट त्याच्या अंगठ्याला झेपेना, म्हणून मी दुकानातल्या मशीनसारखी जॉयस्टिक मागवली. मांडीवर ठेवायचा डबा, डाव्या हाताला मूठ, उजवीकडे बटणं. डब्याच्या आत, मुठीखाली, प्लास्टिकची एक चौकट असते. मूठ कुठवर फिरेल ते ती ठरवते. आली होती ती चौकोनी. प्रत्येक कोपऱ्यात दादाचं मनगट अडायचं. मी गोल चौकट बसवली, आणि त्याच दुपारी त्याने मला चारी मुंड्या चीत केलं. वहिनी चूल सोडून बघायला आली. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढच्या महिन्यात मूठ जड लागायला लागली. तेव्हा मी मुठीला मध्यावर आणणारी ती स्प्रिंग कापली. आणि तोंडावर पडले. कापलेली स्प्रिंग सुरुवातीला मऊ लागते, पण पुढे जास्तच ताठ होते. दादाची मूठ अर्ध्यात थांबायची आणि पैलवान मख्खासारखा उभा राहायचा. मग घरातल्या जुन्या टॉर्चच्या बुडातली स्प्रिंग काढून बसवली. ती चालली. काही आठवडे. मग सुप्यात लेथवाल्याकडून मुठीची दांडी लांब करून आणली, कारण दांडी लांब तितका जोर कमी लागतो. पण दांडी लांब झाली की हात लांबवर न्यावा लागतो, आणि तोवर दादाचं मनगट फारसं वळेनासं झालं होतं. जोर वाचवला की पल्ला कमी पडायचा, पल्ला वाचवला की जोर.

प्रत्येक सुट्टीला मी एसटीने नगर, तिथून देवळाली करायची, पिशवीत सुटे भाग घेऊन. प्रत्येक वेळी आजार माझ्यापुढे गेलेला असायचा. रागाने डोकं फुटायची वेळ यायची. मी स्क्रू आवळता आवळता रडायची आणि दादा टीव्हीकडे बघत बसायचा, मला पाहिलंच नाही असं दाखवत.

एकदा वहिनीचा बांध फुटला. "वन्सं, त्या मुठीपरीस चमचा धरायचं कायतरी करा की. येका घासासाठी मानूस माज्या तोंडाकडं बघतंय."

मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, "चमच्यानं कुनाला आपटता येत न्हाई."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. मला दोघांचंही पटलं होतं. दोघांसाठीही मी काही करू शकत नव्हते.

शेवटी मी स्प्रिंग काढूनच टाकली. बटणं तर आधीच इतकी हलकी केली होती की माशी बसली तरी दबावीत; उजव्या हाताची दोन बोटं अजून तेवढं करत होती. पण स्प्रिंग नसलेली मूठ मध्यावर परत येत नाही. सोडली की ज्या बाजूला उतार, तिकडे पडते आणि पडून राहते. म्हणून मी दादाच्या शेजारी बसले, माझा डावा तळवा त्याच्या मनगटाखाली धरला आणि म्हणाले, "मी फक्त मध्यात आणते. बाकी तू बघ." समोरचा गडी मी नुसता उभा केला होता.

तो एकदा प्रयत्न करून थांबला. पुन्हा केला. कपाळावर घाम आला. वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. मग मूठ फिरली. पुढे, खाली, मागे, वर. बोट बटणावर पडलं, पैलवानाने समोरच्याला कवेत घेतलं आणि वर उडाला. वहिनीने टाळ्या वाजवल्या, भर दुपारी, लहान मुलीसारख्या. मीही ओरडले.

"ह्यो डाव माजा न्हाई," दादा म्हणाला.

"तुझाच आहे. मी फक्त आधार दिला."

"तू फिरवलीस."

"नाही रे दादा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवायची ताकद त्याच्या गळ्यात उरली नव्हती, पण डोळ्यांत तो जुना राग होता. "हात हालत न्हाई म्हनून काय कळत न्हाई व्हय मला? कातडीला समदं कळतंय. कुनी ढकलतंय, कुनी वडतंय, समदं."

मला शपथ घेता आली नाही. कारण मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या तळव्याला त्याचा जोर लागला होता का? मी आठवून पाहिलं, आणि मला काहीच आठवेना. माझ्या हाताला फक्त त्याच्या हाताचं वजन लागलं होतं.

"काड तुजा हात," तो म्हणाला. "आन तुजा गडी नुसता हुबा करू नको. खेळ."

"दादा, मूठ पडेल. तू हरशील."

"मग हारंन की. माजं मला हारू दे."

वहिनी म्हणाली, "आवो, कशाला..." त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

मी हात काढला आणि माझं रिमोट उचललं. मूठ पैलवानाच्या मागच्या बाजूला पडली आणि दादाचा पैलवान मागे मागे सरकत कडेला जाऊन टेकला. डोळ्यांतल्या पाण्याने मला पडदा धड दिसत नव्हता. मी उगाच दोन ठोसे मारले. पैलवानाने ते दोन्ही हातांवर अडवले. या गेममध्ये मूठ मागे असली की गडी आपसूक मार अडवतो. मी पुन्हा मारले. पुन्हा अडवले गेले. मी तशीच मारत राहिले असते, दिवस मावळेपर्यंत, आणि दादा हरला नसता.

"वरनं न्हाई लागायचं," दादा म्हणाला. "खालनं मार. पायावर."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता, आणि त्याची दोन बोटं बटणांवर तयार होती.

माझा गडी खाली बसवून मी पायावर लाथ घातली. पैलवान पडला. उठला. मी पुन्हा घातली. एकदा त्याच्या बोटांनी माझ्याआधी बटण दाबलं आणि त्याचा एक ठोसा मला लागला. तो त्याचा होता, शंभर टक्के त्याचा. मग मी त्याला पार संपवलं. पैलवान उताणा पडला आणि माझा गडी हात वर करून नाचायला लागला.

वहिनी दारातून आत निघून गेली होती. दादाने एक मोठा श्वास घेतला, घ्यायला त्याला वेळ लागला.

"परत लाव," तो म्हणाला.