खोट्या भोकांची वेल

वयाच्या चौतिसाव्या वर्षी, धुळ्याला असताना, मी फार हुशार बाई होते. आज ती समोर आली तर तिला पाटावर बसवून दोन शब्द सुनवावेत असं वाटतं. पण ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हतीच.

तिचा उद्योग असा. पुढच्या खोलीत बायका पोलकी, उशांचे अभ्रे, साड्या घेऊन यायच्या आणि ती त्यांवर भरतकामासाठी नक्षी छापून द्यायची. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, मग कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. खाली ठिपक्याठिपक्यांची नक्षी उतरायची. बाकी सगळ्या नक्षी मासिकांतून उचललेल्या. तिची स्वतःची एकच, कपाशीच्या बोंडांची वेल. एक मिटलेलं बोंड, एक उमललेलं, मध्ये पान. त्या वेलीपायी बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता मी जळगावला लेकाकडे असते. गेल्या वर्षी नातीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "आजी, शालूवरच्या ब्लाउजला तुझी बोंडांची वेल पाहिजे. दुसरं काही नको मला."

हाताने भरून द्यायचे दिवस गेले. माझ्या हातातली चहाची बशी आता स्वतःच हिंदकळते. भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन असलेला एक दुकानदार गाठला. तो म्हणाला, "आजी, कागद नको, फोटोही नको. व्हेक्टर फाइल आणा, कॉम्प्युटरवरच रेघांनी काढलेली. मशीनला स्वच्छ रेघ लागते."

नातीला नोकरीतून सवड नाही. तिने जुना लॅपटॉप दिला, त्यात फुकटचं सॉफ्टवेअर घातलं, व्हिडिओंची यादी लावून दिली. मी म्हटलं, मीच शिकते. चौतिशीतली बाई अजून मेलेली नव्हती, बघा.

रोज दुपारी जेवणं आटोपली की मी बसायचे. व्हिडिओतला माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज. "तो दोस्तों, बहुत आसान है!" हे आसान ऐकलं की मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायचे. पेन टूल म्हणजे पेन नव्हे. त्याने लिहिता येत नाही, ओढता येत नाही. एक पॉइंट ठेवायचा, दुसरा ठेवताना बटण दाबून धरायचं, मग त्या पॉइंटातून दोन मिशा फुटतात. त्यांना हँडल म्हणायचं. मी रेघ मुक्ताईनगरकडे न्यावी तर ते हँडल तिला दोंडाईच्याकडे ओढायचं. पहिला धडा मी अकरा वेळा बघितला. अकराव्यांदाही ते त्याला आसानच वाटत होतं.

मग कळलं की फोटो टाकला तर कॉम्प्युटर आपली आपण रेघ काढून देतो. ट्रंकेतला जुना कागद काढला, घडीवर फाटलेला, निळीने काळवंडलेला. फोटो टाकला, बटण दाबलं. कॉम्प्युटर इमानदार निघाला. त्याने एकेका भोकाभोवती एकेक गोल काढून दिला. शेकडो गोल, सगळे सुटे.

म्हणून मी हाताने जोडायला घेतलं, भोक तिथे पॉइंट. चार दिवसांत एक पान झालं. नातीने बघितलं आणि हसत सुटली.

"आजी, अगं पानाला चार पॉइंट पुरतात! तू मुंग्यांची रांग लावलीयेस."

"सुईची सवय गं. चार भोकांत कुठे पान होतं?"

दुकानदारानेही तेच सांगितलं. इतके पॉइंट असले तर मशीन अडखळतं, दोरा तुटतो. पुन्हा पहिल्यापासून. पण चार पॉइंटांत पान जमलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी दोनदा चहा घेतला.

मग बोंड घेतलं, आणि तिथे सगळं अडलं. भोकं एका रेघेत येईनात. स्क्रीनवर कागद मोठा करून बघितला, तर नको तिथे भोकं. पाकळीच्या बाहेर तीन, देठाला समांतर एक सगळी ओळ. आधी वाटलं, कसर लागली. पण कसर इतक्या शिस्तीत कागद खात नाही. मग आठवलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

ती भोकं मीच पाडली होती. आमच्याच गल्लीत आणखी एक बाई नक्षी छापायची. तिने कागद पळवला तर तिची वेल वेडीवाकडी यावी, म्हणून धुळ्याच्या हुशार बाईने खऱ्या भोकांत खोटी मिसळली होती. छापून झालं की खरे ठिपके पेन्सिलीने जोडून द्यायची, खोटे धुण्यात निघून जायचे. कुठलं खरं, कुठलं खोटं, हे फक्त तिला ठाऊक. शिकायला मुली यायच्या, त्यांनाही तिने कधी सांगितलं नाही. आणि आता तिलाही आठवत नव्हतं.

मी सगळ्या तऱ्हांनी जोडून बघितलं. एकदा कांदा झाला, एकदा कंदील. नात म्हणाली, "जवळ आलीयेस." कुठली जवळ!

जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. साड्या केव्हाच बोहारणीला देऊन भांडी घेतलेली. शेवटी त्या गल्लीतल्या बाईचा नंबर मिळवला. म्हटलं, चोरली असेल तर बरंच झालं, तिच्याकडे तरी खरी वेल असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी चोरी झालेली असावी म्हणून देवाला हात जोडले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, ती वेल माले कधी आवडनीच नही. मी कसाले चोरसू?"

वर माझ्या गुडघ्यांची चौकशीही केली.

पुढचे धडे मी बघितले नाहीत. लग्न तोंडावर आलं होतं. दुकानदाराच्या अल्बममधून नातीने कैऱ्यांची नक्षी निवडली. "असू दे गं आजी," म्हणाली. एवढंच म्हणाली, तेच जास्त लागलं.

लग्नात धुळ्याकडच्या एका बाईंनी नातीची बाही हातात घेतली. "काय सुबक कैऱ्या! अक्का, तुमचीच ना नक्षी?"

मी हो म्हणाले. नात माझ्याकडे बघत होती.