पाहुणीच्या हातात खराटा

सई, वर्षभर परदेशात अनोळखी घरी राहून काम करायला तू निघाल्याचं कळलं, तेव्हा मी फिनेल टाकून ओटा धूत होते. त्या वासासरशी शिरोळचं आक्काताईंचं घर आठवलं.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. महापूर नुकताच ओसरला होता. मदतीला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी हाना आपल्याकडे राहत होती आणि मी दुभाषी म्हणून तिच्यासोबत जाई. घरोघरी गुडघाभर चिखल होता, पण पाहुणीला कामाला कोण लावणार? तिला खुर्ची मिळे आणि चहा. तीन दिवस तिने नुसता चहा प्यायला. चौथ्या दिवशी आक्काताईंनीही खुर्ची पुसून पुढे केली, तेव्हा तिचे डोळे भरले.

"काकू, या घरात काम करायचा हक्क कुणाला असतो?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

"घरच्या लेकीला."

"मग त्यांना सांगा, मला लेक म्हणा."

मला तो आगाऊपणा वाटला, तरी मी सांगितलं. आक्काताईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"लेक हाय व्हय? मग बसलीस काय? ऊठ की, घे खराटा."

मी भाषांतर करण्याआधीच हाना उठली होती. संध्याकाळपर्यंत दोघी आपापल्या भाषेत एकमेकींवर ओरडत चिखल ओढत होत्या. माझ्या इंग्रजीची कुणाला गरज पडली नाही.

अठराव्या वर्षी तिला नेमकं काय मागावं हे कळलं, याचं आज फार कौतुक वाटतं. तुलाही तिकडे खुर्ची देतील. चहा पी, आणि मग हानाचा प्रश्न विचार.