एलुबी नामाख्वानं साऱ्या शाळेला लिहायला लावलं

मुलांजे नावाच्या डोंगराखाली, चहाच्या मळ्यांत आमची माध्यमिक शाळा. एलुबी नामाख्वा तिथं इंग्रजी शिकवायला आली, तेव्हा मुख्याध्यापक लिकोंग्वे सरांनी तिला ओळखलं नाही. तिनं मात्र त्यांना फाटकातूनच ओळखलं.

ती याच शाळेत शिकलेली. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं निबंधात लिहिलं होतं, की माझी आई मरणाच्या दारात आहे. इंग्रजीत एक अक्षर जास्त पडलं, 'डाइंग'चं 'ड्राइंग' झालं आणि वाक्य झालं, 'माझी आई वाळते आहे.' तेव्हा लिकोंग्वे तिचे वर्गशिक्षक होते. त्यांनी ते वाक्य प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "मग पाऊस यायच्या आत दोरीवरून काढून घे तिला." शाळा हसून लोटपोट झाली. आई त्याच महिन्यात गेली. दफनाच्या दिवशीही दोन मुली तोंडावर कमरेच्या चितेंजेचं कापड दाबून हसत होत्या.

हे तिनं मला शिक्षकांच्या खोलीत मक्याची न्सिमा खाता खाता सांगितलं. मी गणित शिकवायचो.

"म्हणजे तू सूड घ्यायला आलीस?"

"मग काय, पोरांचे मुके घ्यायला आले?" ती म्हणाली. "सगळ्या शाळेला लिहिता आलं ना, की ज्याला येत नाही तो एकटाच उघडा पडेल. मला तो दिवस बघायचाय."

तिनं प्रत्येक विषयाच्या तासाच्या शेवटी थोडं लिखाण सुरू करायला लावलं. गणितातसुद्धा. मी कुरकुरलो, "अगं, बेरजेवर काय निबंध लिहायचा?"

"उत्तर कसं काढलं ते लिहू दे. जमलं नाही तर कुठं अडलं ते लिहू दे."

शेतीच्या शिक्षकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती रोज त्यांच्या वर्गाबाहेर उभी राहायची, शेवटी त्यांनीच हात टेकले. तिचा नियम एकच: लिहिलेलं शेजारच्याला वाचून दाखवायचं, ऐकणाऱ्यानं हसायचं नाही. कळलं नाही तर विचारायचं, "तुला काय म्हणायचं होतं?"

पहिलं वर्ष वाया गेल्यासारखं वाटलं. मग माझ्या वर्गातली पोरं आपली चूक कुठं झाली ते स्वतःच लिहायला लागली, आणि माझी कुरकुर थांबली. परीक्षेत शाळा जिल्ह्यात वर चढली. लिकोंग्वे सर सगळीकडे सांगत सुटले, "माझीच कल्पना."

एलुबी ते कधी खोडून काढायला गेली नाही. उलट जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी बाई येणार म्हटल्यावर तिनंच त्यांना कळवलं, की आमचे सर स्वतः मुलांबरोबर लिहायला बसतात.

त्या दिवशी पालकांसकट सगळ्यांना कागद वाटले. विषय एलुबीनं दिला: 'मी ज्याला हसलो.' अधिकारी बाईही लिहायला बसल्या, मग सरांना सुटका कुठली? मुलांनी वाचलं, मी वाचलं. सर उठले. त्यांच्या कागदावर दोनच ओळी होत्या.

"मी पुष्कळांना हसलो. ते त्यांच्याच भल्यासाठी होतं."

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी नियमाप्रमाणे उभी राहिली. "सर, कळलं नाही. तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

सर कागद खालीवर करत राहिले.

"त्यांना जमत नसेल तर मी सांगते," एलुबी म्हणाली. तिनं आईचं नाव घेतलं, ते वाक्य सांगितलं, दोरीचा विनोद सांगितला. आवाज चढवला नाही. सरांचा चेहरा तिला ओळखताना मी पाहिला.

सत्र संपायच्या आत त्यांनी बदली मागून घेतली. जाण्याआधी शिपायाबरोबर तिला चांबो मासे पाठवले. तिनं टोपली न उघडताच परत केली.

"माफ केलं असतंस तर हलकं वाटलं असतं," मी म्हणालो.

"मला हलकंच वाटतंय," ती म्हणाली आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेली.

लिकोंग्वे सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभाला आमच्या शाळेतून एकटा मीच गेलो. भाषण त्यांनी केलं नाही.