मंडळाचा फोटो आणि माझं जनजागरण

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मध्ये हसलात की माझा सूर जातो. एका सरळमार्गी मुलाचं ठरलेलं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं. आणि तेही समाजसेवा करता करता!

यांची जयपूरला बदली होती तेव्हाची, म्हणजे दोन हजार सात-आठची गोष्ट. मानसरोवरात घर, मुलं कॉलेजात, दुपार रिकामी. म्हणून मी एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत जायला लागले. तिथल्या प्रमुख मीनाजी. त्या स्वतः एचआयव्हीसह जगत होत्या आणि ज्याला सांगायचं त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायच्या.

त्या काळी पोरं एका वेबसाइटवर दिवसभर पडीक असायची. एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, लिहायची, आणि ते सगळ्या जगाला दिसायचे. मीनाजी म्हणाल्या, "तिथे आपलं पान काढा." मी काढलं! वर ठळक अक्षरांत माझं स्वतःचं घोषवाक्य टाकलं, 'जिसकी रिपोर्ट, उसी की बात.' म्हणजे रिपोर्ट ज्याचा, तो सांगायचा की नाही हे त्यानेच ठरवायचं. काय छान जमलं होतं म्हणून सांगू!

पण पान दिसायला अगदी उजाड. एखादा हसऱ्या माणसांचा फोटो हवा होता. आमच्या मराठी मंडळाचा गणपतीतला होता की! तीस माणसं, मधोमध झांज घेतलेला निखिल. दिला चिकटवून.

विचारलं का कुणाला? छे हो! परमुलखात मराठी माणूस म्हणजे घरचाच. साखर संपली तर मी शीलाताईंच्या स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडत होते. फोटोचं काय एवढं?

शीलाताई म्हणजे निखिलची आई. आठवड्याने त्या धापा टाकत आल्या.

"वहिनी, काय करून ठेवलंत हे! निखिलचा फोटो एड्सच्या पानावर?"

"एड्स नाही हो, एचआयव्ही. फरक आहे. मी समजावून सांगू का?"

"मला नका, नागपूरला समजवा! अदितीच्या बाबांनी पाहिलाय तो. लग्न थांबवा म्हणतायत!"

निखिल आणि अदितीचा साखरपुडा झालेला, कार्यालय ठरलेलं. पोरगा बिचारा झांज वाजवता वाजवता अडकला.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? फोटो काढून टाकला असता. मी काय केलं? निखिलच्या पानावर सगळ्यांना दिसेल असा स्क्रॅप लिहिला: 'निखिलला एचआयव्ही नाही. माझी पूर्ण खात्री आहे. काकू.'

तासाभरात त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी खाली विचारलं, 'मतलब? खात्री कशावरून?' मी लिहिलं, 'चेहऱ्यावरून कळतं.' अहो, चेहऱ्यावरून कळत नाही, हे मीच शाळांमधून सांगत फिरत होते!

बरं, एकट्या निखिलचंच लिहिलं तर बाकीच्यांवर अन्याय. म्हणून उरलेल्या एकोणतीस जणांची नावं घालून पानावर जाहीर केलं, 'हे सर्व निर्दोष आहेत.' सत्तरीच्या गोखले अण्णांनासुद्धा सोडवलं. अण्णांना तोवर आपल्यावर काही आळ आहे हेच माहीत नव्हतं. ते काठी आपटत आमच्या दारात हजर!

दुसऱ्या दिवशी मीनाजींनी मला समोर बसवलं.

"भाभीजी, एक से भी पूछा था आपने?"

"अहो, घरचेच तर आहेत सगळे!"

"तो पूछना और आसान था ना?" मग जरा थांबून म्हणाल्या, "और ये निर्दोष क्या है? जिसको है, वो दोषी है?"

समोर त्या बसल्या होत्या आणि मी तो शब्द लिहिला होता. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. "चुकलं माझं," एवढंच बोलले. फोटो काढला, स्क्रॅप पुसले, घरोघरी जाऊन माफी मागितली. उरलं नागपूर.

फोन अदितीनेच उचलला. मी रडवेल्या आवाजात सुरू केलं, "बाळा, निखिलची काही चूक नाही गं, फोटो मी..."

"काकू, मला माहितेय. सगळे स्क्रॅप वाचलेत मी. इतकी हसले की बाबा धावत आले!" ती म्हणाली. "आणि लग्नाआधी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची, हे आमचं आधीच ठरलं होतं. त्याने तिकडे केली, मी इकडे. बाबांनाही समजावलं. लग्न ठरल्या दिवशीच आहे. तुम्ही यायचं!"

देवा! माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसले, खुर्चीत नीट बसले आणि अगदी मायेने, हळू आवाजात विचारलं,

"मग? काय आला गं दोघांचा रिपोर्ट?"

"काकू," अदिती म्हणाली, "तुमच्या पानावर वर ठळक अक्षरांत काय लिहिलंय, जरा वाचून दाखवता का?"