दाजींचा प्रबंध आणि माझे चाळीस फॉर्म

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला होतो. पुंडलिकनगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत सगळी कामं इतरांनी वाटून घेतली होती, आणि माझ्या वाट्याला उरला तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स. ओट्यावर उभं राहून फोनवर मजकूर सांगितला. छापणाऱ्यानं शेवटी विचारलं, "नावाआधी काही लावायचं का साहेब? ॲडव्होकेट, डॉक्टर, माजी सरपंच?" मी म्हणालो, "नाही. साधंच ठेव. मास्तर होते." दहाव्याला गंगापूरहून जीपा भरून माणसं आली. कोपऱ्यावर तो फ्लेक्स, त्यावर हसरे दाजी आणि खाली नुसतंच 'कै. भगवानराव'. दाजींचा एक चुलतभाऊ तो फ्लेक्स वाचून शेजारच्याला म्हणाला, "मंजी डाक्टर नव्हतेच व्हय? मला तव्हाच वाटलं होतं." हे अक्कानं ऐकलं. सगळे गेल्यावर तिनं मला आत बोलावलं. "सुरेशराव, तेवढं डॉक्टर राहिलं ना..." मी लगेच म्हणालो, "छापणाऱ्याच्या हातून राहिलं बघा."

अक्का म्हणजे माझ्या बायकोची, संगीताची, थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. नात्यानं ते माझे साडू, पण संगीता दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणायचो. हा लेख लिहू का, असं अक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा. पण ह्या बारीला फ्लेक्सवाल्यावर ढकलू नका."

तर खरं सांगायचं म्हणजे, दाजी डॉक्टर आहेत यावर माझा कधी विश्वासच बसला नव्हता.

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. लॉटमधले पाच नग उचलायचे, व्हर्निअर लावून माप घ्यायचं, दोन चुकले की अख्ख्या लॉटला नापासाचा लाल टॅग. घरीही ती सवय जात नाही. भाजीवाल्याचा काटा, पाहुण्यांच्या तब्येतीची कारणं, संगीताचं 'पाच मिनिटांत निघते', सगळं मी मोजून पाहतो. अशा माणसाच्या साडूनं चाळिशीत, गंगापूरच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता पीएच.डी. करायला घेतली, तर काय होणार? एका घरातला एक भाऊ वाळूजला शिफ्टला जातो आणि दुसरा शेतात राहतो, तेव्हा शेतीचं कोण ठरवतं, असा त्यांचा विषय होता. प्रबंधाचं नाव मात्र दोन ओळींचं होतं आणि शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास'. मी म्हणायचो, "दाजी, हे नाव वाचून होईस्तोवर माणसाची शिफ्ट संपती." ते हसायचे. सकाळी एस्टीनं गंगापूर, संध्याकाळी परत, रविवारी विद्यापीठाचं ग्रंथालय... असं वर्षानुवर्षं चाललं होतं. अक्काच्या घरात सोफ्यावर कागद, फ्रीजवर कागद. एकदा पाहुण्यांपुढं शेवची ताटली ठेवली तर तिच्याखालीही प्रकरण तिसरं निघालं.

त्या दिवसांतच एकदा दाजी आमच्या घरी आले आणि पिशवीतून चाळीस छापील प्रश्नावल्या काढल्या. आम्ही त्यांना फॉर्म म्हणायचो. "तुमच्या कंपनीत आमच्याकडची लई माणसं हायेत, सुरेशराव. जरा भरून घ्या की." मी मोठ्या तोऱ्यात घेतल्या. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना दोघातिघांना विचारून पाहिलं. एकाची बस सुटत होती. दुसरा म्हणाला, "कशाला पाहिजे हे? कंपनीला देणार का?" तिसऱ्यानं फॉर्म उलटासुलटा केला आणि विचारलं, "जमिनीचं कशाला लिहून घेता? काय भानगड हाय?" मी फॉर्म परत डब्याच्या पिशवीत टाकले.

सुट्टीच्या दुपारी संगीता भिशीला गेली होती. मी चिवड्याची ताटली घेतली आणि पलंगावर बसून चाळीसच्या चाळीस फॉर्म एकट्यानं भरून काढले.

आणि काय भरले! दहा निळ्या पेनानं, दहा काळ्या, काही तिरप्या अक्षरात, तीन तर डाव्या हातानं. कुणाला दोन एकर दिली, कुणाला पाच. कुणाला विहीर, कुणाला बोअर. एकाच्या भावाला दारू सोडायला लावली. त्या दुपारी मी माणसांना इतकी जमीन वाटली, की तहसीलदारही चकित झाला असता. शेवटचा प्रश्न तेवढा मोकळा होता: 'आपणास आणखी काही सांगायचे आहे काय?' खाली चार रिकाम्या ओळी. तिथपर्यंत येईस्तोवर चिवडाही संपलेला असायचा आणि मीही. चाळीसही ठिकाणी लिहिलं: नाही.

दाजी न्यायला आले तेव्हा त्यांनी एकेक फॉर्म चाळला. मग गठ्ठा पालथा करून मागच्या बाजू बघितल्या.

"पाठीमागं कुणीच काही लिहिलं नाय?"

"नाय. आमच्या कंपनीतली माणसं कमी बोलतात."

"बरं," दाजी म्हणाले. गठ्ठा पिशवीत ठेवला आणि संगीताला हाक मारली, "चहा टाक गं."

पुढं काही महिन्यांनी मला बसच्या खिडकीतून दाजी दिसले. वाळूजला, शिफ्ट बसच्या थांब्यावर, टपरीशेजारी, खांद्याला पिशवी, एका कामगाराशी काहीतरी बोलत. शाळेच्या दिवशी! दुसऱ्या आठवड्यात परत दिसले. मग भर उन्हाळ्यात, डोक्याला रुमाल गुंडाळून. मी घरी येऊन संगीताला म्हणालो, "तुझे दाजी शाळा बुडवून प्लॉटिंगची एजंटकी करायलेत. कामगारांना गाठून प्लॉट विकतात." ती म्हणाली, "काहीतरीच तुमचं." "मग काय करतात तिथं?" यावर ती उठून आत गेली. तिलाही उत्तर नाही, असं मी समजलो. दाजींना एकदा सरळच विचारलं, "वाळूजला दिसले होते तुम्ही." "व्हय," ते म्हणाले, "जरा काम होतं." ज्याला काम असतं तो काय काम ते सांगतो, हा माझा क्वालिटीतला अनुभव. माझ्याकडून त्यांना लाल टॅग लागला तो तेव्हा.

त्यांच्याबरोबरच नाव नोंदवलेल्या एका मास्तरची पीएच.डी. कधीच झाली होती. दाजींची त्यानंतर दोन वर्षांनी झाली. एके दिवशी पेढे घेऊन आले, एवढंच. तोंडी परीक्षेला घरच्या कुणाला नेलं नाही, गाइडबरोबर फोटो नाही, हार नाही, काही नाही. ते गेल्यावर मी पेढा खातखात संगीताला म्हणालो, "पेढा कुठल्या दुकानातला ते कळतंय. डिग्री कुठल्या दुकानातली, ते कळंना." तिनं माझ्यापुढचा पेढ्यांचा पुडा उचलून नेला. प्रबंधाची घरची प्रतही मी कधी पाहिली नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "गंगापूरचा एकजण अभ्यासाला घेऊन गेलाय." तो एकजण वर्षानुवर्षं अभ्यासच करत होता. कुणी पोरांनी फी, पुस्तकं, प्रबंध, काहीही मागितलं तरी दाजी देऊन टाकायचे हे मला माहीत होतं. तरी मी ते पुराव्यात धरलं नाही.

दाजींची एक सवय होती. त्यांच्याकडून निघालो की ते दारापर्यंत यायचे. मी वाकून चप्पल घालत असायचो आणि वरून त्यांचा आवाज यायचा, "मग, आणखी काही?" मी म्हणायचो, "नाही दाजी, निघतो." शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना भिंतीला धरून चालावं लागत होतं. अक्का म्हणाली, "बसा की, कशाला उठता." तरी आले. दम लागलेला होता. "मग, सुरेशराव... आणखी काही?" मी चपलेचा बंद ओढत म्हणालो, "नाही. आराम करा तुम्ही."

तर फ्लेक्सच्या त्या चुकीनंतर अक्कानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "त्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो आणून द्या. ह्यांच्या फोटोशेजारी लावते. महिन्याच्या श्राद्धाला तिकडची माणसं येतील, त्यांना दिसंल." मी हो म्हणालो. मनात मात्र पक्कं होतं की असं पानच नसणार, आणि ते नाही हे अक्काला कोणत्या तोंडानं सांगायचं याचीच काळजी लागली. माझ्या मुलीनं मोबाइलवर प्रबंध ठेवतात ती सरकारी वेबसाइट उघडली, दाजींचं नाव टाकलं, विषय टाकला. "पप्पा, इथं नाय. पण जुने सगळे अजून स्कॅन झाले नसतील." यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं, दुसरं ऐकल्यासारखं केलं.

तरी एक सुट्टी टाकून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. काउंटरवर पिकल्या दाढीचे एक भाई बसले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं, की इतकी वर्षं वाळूजला राहून मी संशय घ्यायला शिकलोच नाही असं वाटलं.

"थीसिस? गाइड का लेटर लाए?"

"गाइड नाहीत. मी पीएच.डी. करत नाही."

"तो फिर कौन कर रहा? बेटा? बेटी?" ते हसले. "ऐसेच आते लोग. दुसऱ्याचा थीसिस बघायचा, नाव बदलायचं, झालं. मोबाइल इधर रखो. पिशवी पण."

मी सांगितलं, माझे साडू वारले, त्यांचाच आहे, त्यांच्या बायकोला पहिल्या पानाचा फोटो हवाय. भाईंनी खुर्ची मागं सारली. "अर्ज लिहा. कारण खरं लिहा." मी अर्ज लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला, दाजींचं नाव पुटपुटले आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. "वो गंगापूरवाले सर? इतवार को आते थे. भाकरी आणायचे बांधून, बाहेर पायरीवर बसून खायचे... गुजर गए?" ते स्वतः उठून आत गेले.

लाल कापडी बांधणीचा जाड ग्रंथ माझ्यापुढं आला. पाठीवर सोनेरी अक्षरांत दाजींचं नाव. तो होता. इतकी वर्षं तिथंच, त्याच कपाटात होता. पण सवय जाते कुठं? म्हटलं, असेल, पण आतलं कुणाचं? पानं उलटत बसलो. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद आला. भाईंनी कागद दिला तेव्हा मी तो उतरवून घेतला:

'एका कारखान्यातून प्राप्त झालेल्या चाळीस प्रश्नावल्यांमध्ये अखेरच्या मुक्त प्रश्नास सर्वांनी "नाही" असे उत्तर दिले आहे. संशोधकाच्या अनुभवानुसार या प्रश्नापाशी कोणीही गप्प राहत नाही. किंबहुना माणूस येथूनच बोलू लागतो. सबब सदर प्रश्नावल्या वगळण्यात आल्या असून, त्याऐवजी संशोधकाने वाळूज येथील बसथांब्यावर स्वतः मुलाखती घेतल्या आहेत.'

अख्खा लॉट रिजेक्ट. माझं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, एक वाकडा शब्द नाही. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. पुढं परिशिष्टात थांब्यावरच्या माणसांची शेवटच्या प्रश्नाची उत्तरं होती. पानंच्या पानं. एकजण सांगत होता, भावाला वाटतं मी पंख्याखाली बसून पगार घेतो. एकजण, आई मला विचारून पेरते पण मला पिकातलं आता काही कळत नाही, हे तिला सांगायची हिंमत होत नाही. दुपारची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, उन्हात, टपरीशेजारी उभं राहून त्यांनी हे लिहून घेतलं होतं... आणि मी बसच्या खिडकीत बसून त्यांना प्लॉट विकायला लावत होतो.

ऋणनिर्देश मी सगळ्यात शेवटी वाचला, घाबरत. अक्काच्या नावाखाली एक ओळ होती: 'माझे साडू सुरेशराव यांच्यामुळे मला वाळूजच्या थांब्यावर उभे राहण्याचा योग आला, हे मी विसरू शकत नाही.'

यात आभार किती आणि टोमणा किती, हे मी अजून मोजतोय. व्हर्निअर चालत नाही तिथं.

भाईंनी पहिल्या पानाचा फोटो काढू दिला. वर म्हणाले, "सर का है, इसलिए." मी घरी आलो. संगीता पालक निवडत होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चिवडा, डावा हात, चाळीस 'नाही', फ्लेक्सवाला निर्दोष, सगळं. ती देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"दाजी आले होते एकदा, तुम्ही शिफ्टला होते तव्हा. फॉर्म दाखवले. हे अक्षर कुणाचं, म्हणले. मी तुमचं डाव्या हातचंसुद्धा ओळखलं. गाइड म्हणत होते, राहू द्या, चालतंय. दाजी म्हणले, नाय चालत. मला म्हणले, सुरेशरावांना बोलू नको, त्यांना वाटंल मी शंका घेतली."

"आणि इतकी वर्षं तू..."

"ते विचारत होते की तुम्हाला दर बारीला, दारात. मला वाटायचं, आज तरी सांगतील."

मी खुडलेली देठं गोळा करायला लागलो. सवय होती का ती त्यांची नुसती, सगळ्यांनाच विचारायची? का माझ्यापुरतीच होती? आता विचारणार कुणाला? शेवटी म्हटलं, चल, अक्काकडं जाऊन येऊ, फोटो दाखवू. संगीतानं पालकाची परात बाजूला केली, हात पुसले, पिशवी घेतली. दारात मी चपलेत पाय घालायला वाकलो तेव्हा म्हणाली, "फोटो दाखवू. पण बाकीचं बसल्याबसल्याच सांगून टाका तिला. चप्पल घालायला लागले की तुम्हाला जमत नाय."